नोलीनचा वाँकी केक

कुलंबीन गावच्या वार्षिक प्रदर्शनात, नोलीन टकरच्या स्पंज केकपुढच्या कार्डावर परीक्षक बाईंनी एकच शब्द लिहिला होता. वाँकी.

नोलीनने चष्मा काढला, ब्लाउजच्या टोकाने पुसला, परत लावला. शब्द हलला नव्हता.

"कोरल," तिने हाक मारली. ती ओरडली नाही. उलट तिचा आवाज खाली गेला, आणि तिला ओळखणारे सगळे लोणच्याच्या टेबलाकडे सरकले. "हे काय आहे?"

कोरल विंगेट केक विभागाची प्रमुख होती आणि हॉल समितीची चिटणीसही. "कार्ड आहे गं."

"ते दिसतंय मला. त्यावर काय लिहिलंय?"

"तू वाचलंस की."

"तू वाच. मोठ्यानं वाच. चाळीस वर्षांची मैत्री आहे आपली, एवढं कर माझ्यासाठी."

कोरलने वाचलं, पण चर्चमध्ये शिंक दाबावी तसं.

कुलंबीनमध्ये हा शब्द कशाकशाला लावतात ते नोलीनला पक्कं ठाऊक होतं. दुकानातल्या ढकलगाडीच्या चौथ्या चाकाला. मर्व्हच्या डाव्या गुडघ्याला. बारमधून उशिरा निघालेल्याच्या चालीला, आणि निवडणुकीनंतर खासदार जी कारणं सांगतो त्यांना. एका अंगाला गेलेलं, डुगडुगणारं, ज्याच्यावर भार टाकायची सोय नाही ते सगळं वाँकी. बाईंनी 'वरचा भाग किंचित असमान' असं लिहिलं असतं तर नोलीनने गिळलं असतं. असमान हा कागदावरचा शब्द, कागदातच राहतो. वाँकी हा तोंडातला शब्द. तो चिकटला की माणूस मेला तरी निघत नाही. गावात एक वाँकी टेड होता. त्याच्या थडग्यावरही वाँकी टेडच आहे, त्याचं आडनाव कुणालाच आठवेना.

आणि हा शब्द कुणाच्या केकला? एकोणीस वर्षं लागोपाठ निळी फीत घेणाऱ्या बाईच्या.

परीक्षक मिसेस पेथब्रिज दोनशे किलोमीटरवरून आल्या होत्या. परीक्षक बाहेरचा लागतो, कारण गावातल्या बाईने गावातल्या केकला नंबर दिला तर पुढची दहा वर्षं दोन घरं एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. एक वाजता तक्रारीची वेळ संपेपर्यंत परीक्षकाला हॉल सोडता येत नाही, म्हणून त्या पर्स मांडीवर धरून कोपऱ्यात बसल्या होत्या.

"मी केकला लिहिलंय, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही."

"आमच्याकडे त्यात फरक करत नाहीत," नोलीन म्हणाली.

तिने खाली वाकून केकच्या पातळीवर डोळा आणला. केक खरंच कलला होता. हॉलमागच्या ओढ्याकडची बाजू चांगली बोटभर वर. सकाळी ठेवतानाच तिला ते खटकलं होतं. कुलंबीनमध्ये केक ठेवायची एक रीत आहे. ताटली टेबलावर ठेवायची आणि केक 'बसेपर्यंत' ती हळूहळू फिरवायची. आया मुलींना हेच शिकवतात. का फिरवायची, हे कुणी कधी विचारलं नाही. फिरवता फिरवता एक जागा येते, तिथे केक सरळ दिसतो, की झालं. आज नोलीनने ताटली चार फेरे फिरवली होती आणि केक काही बसला नव्हता.

घरी ओट्यावर तो आरशासारखा सपाट होता. मग इथे काय झालं? एकच गोष्ट झाली होती.

"हॉल," ती म्हणाली.

"नोलीन, नको," कोरल म्हणाली.

"हॉल वाकडा केलाय त्या झमिटनं."

हा हॉल नोलीनच्या नवऱ्याने, आल्फने, पन्नास वर्षांपूर्वी लाकडी खुंटांवर उभा केला होता. आल्फ जाऊन दोन वर्षं झाली. दाराशी अजून त्याची पितळी पाटी होती: 'हा हॉल आल्फ टकरने बांधला.' गेल्या महिन्यात समितीने खुंट बदलायला टोनी झमिटला आणलं. टोनीने मापं घेतली आणि सांगितलं की हॉल ओढ्याकडे वीतभर खचलाय. समिती म्हणजे सहा माणसं आणि एक किल्ली. त्या सहाजणांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता, पण त्यांनी लगेच ठरवलं की वाकडं बांधणाऱ्याची पाटी दाराशी शोभत नाही. तिथे सहाजणांच्या नावांची नवी पाटी लागणार होती, आज तीन वाजता, टाळ्यांसह. त्या पाटीवर टोनीचंही नाव नव्हतं, ज्याने हॉलखाली चार आठवडे पोटावर सरपटून काम केलं होतं. पाट्या कुणाच्या लागतात हे असं असतं.

जुनी पाटी काढायचा स्क्रूड्रायव्हर सकाळपासून कोरलच्या ॲप्रनच्या खिशात होता. तिने तो कितीही आत ढकलला तरी त्याची पिवळी मूठ वर डोकावत होती, आणि नोलीनने ती पाहिली होती.

"कागद दे," नोलीन म्हणाली. "तक्रार लिहिते."

"नियम माहितीय ना? तक्रार खोटी ठरली तर तीन वर्षं बंदी."

"माहितीय."

"तू चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस, नोलीन."

"तेही माहितीय. कागद दे."

तिने लिहिलं: 'केक सरळ आहे. हॉल वाकडा आहे.' खाली सही. मग कागद कोरलच्या हातात देताना ती म्हणाली, "समितीला सांग. हॉल वाकडा निघाला तर आल्फची पाटी आहे तिथे राहील, कायमची. सरळ निघाला तर मीच काढीन, माझ्या हातानं. तुझा तो स्क्रूड्रायव्हर लपवायचा त्रास वाचेल."

कोरलचा चेहरा टोमॅटोच्या सॉससारखा झाला. एकला दहा कमी होते. तिने कागदावर वेळ घातली.

आता हॉल वाकडा आहे की नाही हे ठरवायचं कसं? वाँकी गुडघ्याचा मर्व्ह म्हणाला, अगदी सोपं आहे, काहीतरी गोल सोडा आणि कुठे घरंगळतंय ते बघा. कुणीतरी शेजारच्या टेबलावरून अंडं उचललं आणि केकच्या टेबलावर सोडलं. अंडं आधी ओढ्याकडे गेलं, मग विचार बदलून दाराकडे वळलं, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन टेबलावरून खाली पडलं आणि फुटलं.

"म्हणजे नक्की कुणीकडे?" कोरलने विचारलं.

"ते माझं अंडं होतं!" मर्व्ह ओरडला. "पहिला नंबर होता त्याला! फीत अजून तिथंच आहे, अंडं कुठाय?"

"तुझ्या बुटावर," नोलीन म्हणाली. "गप्प बस."

शेवटी टोनीला बोलावलं. तो बाहेर बेकन-अंड्याच्या पावाच्या रांगेत अर्धा तास उभा राहून नुकताच पहिल्या घासापर्यंत आला होता. तो पाव हातात घेऊनच आत आला. त्याच्या दुसऱ्या हातात गाडीतून काढलेली, सपाटी तपासायची लांबलचक पिवळी पाणसळ होती. त्याने ती टेबलावर ठेवली. काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये येऊन थांबला.

"सरळ आहे," टोनी म्हणाला.

"कुणाची पाणसळ?" नोलीनने विचारलं.

"माझी."

"काम कुणाचं?"

"माझंच."

"चोराला विचारलं चोरी केलीस का, तो म्हणाला नाही. वा रे न्याय! कोरल, गाडी काढ. आल्फची पाणसळ घेऊन येऊ."

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. आल्फची पाणसळ सगळ्या गावाला माहीत होती. लाल लाकडाची, पितळी टोकांची, एका टोकाला तापल्या खिळ्याने कोरलेला इंग्रजी 'ए', आल्फच्या नावाचा. तो 'ए' नेहमी ओढ्याकडे ठेवायचा, ही आल्फची शिस्त. तो म्हणायचा, हत्यार रोज एकाच दिशेला तोंड करून कामाला लागलं पाहिजे, माणसासारखं. जुनी पोलीस चौकी संपत आली होती तेव्हा ती पाणसळ छपरावरून खाली दगडांवर पडली होती आणि काचेला साधा तडासुद्धा गेला नाही. त्या दिवशी आल्फने सगळ्या गावाला बिअर पाजली होती. मग त्याच पाणसळीने त्याने हा हॉल बांधला, शाळा बांधली, चर्च, बार आणि चाळीस-एक घरं.

वीस मिनिटांनी नोलीन परत आली. पाणसळ फ्लॅनेलच्या कापडात तान्ह्या बाळासारखी गुंडाळलेली होती. आता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. घोड्यांचं मैदान रिकामं झालं, ओंडके तोडायची स्पर्धा अर्ध्यात सोडून तोडणारे कुऱ्हाडींसकट खिडकीशी आले. समितीचे अध्यक्ष नवी पाटी छातीशी धरून उभे होते.

नोलीनने केक बाजूला केला. कापड उलगडलं. 'ए' ओढ्याकडे करून पाणसळ टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला.

बुडबुडा थरथरला. मग सावकाश, अगदी सावकाश, ओढ्याकडे गेला आणि टोकाला जाऊन चिकटला.

"ओढ्याची बाजू वर!" मर्व्ह ओरडला. "उचलून ठेवलाय हॉल! वाकडा आहे!"

जो गलका झाला त्याने लोणच्याच्या बरण्या हलल्या. कुणी शिट्टी मारली. अध्यक्षांनी नवी पाटी पाठीमागे नेली. नोलीनने टोनीकडे पाहिलं, आणि तिला जी मजा येईल असं वाटलं होतं ती आली नाही, कारण टोनी घाबरलेला दिसत नव्हता. तो पाणसळीकडे बघत होता. त्याने पावाचा घास घेतला नव्हता. त्याचा चेहरा दवाखान्यात डॉक्टरचा होतो तसा झाला होता.

"बोल की," नोलीन म्हणाली.

"काय बोलू?"

"हॉल वाकडा केलास ते."

टोनीने इकडेतिकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "केला असेन. लिहा तसं. पाटी राहू दे."

इथे प्रकरण संपलं असतं. पण गर्दीतून एक शांत आवाज आला, "उलटी करून बघितली का?"

तो डग होता. डग निवृत्त बसचालक, घर विकून कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन देश फिरणारा. चार दिवस मैदानाच्या कडेला मुक्कामाला होता, आणि गंमत म्हणून कॅरॅव्हॅनच्याच भट्टीत एक स्पंज केक भाजून आणला होता. आज निळी फीत त्याच्याच केकला मिळाली होती. म्हणजे बोलायचा त्याला सगळ्यात कमी हक्क होता.

"मी रोज संध्याकाळी कॅरॅव्हॅनचे चार जॅक लावतो," डग म्हणाला. "सरळ नसेल तर झोपेत बायको अंगावर येते. पाणसळ ठेवायची, बघायची, टोकांची अदलाबदल करून परत बघायची. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला गेला तर टेबल वाकडं. नाहीतर..."

"गप रे," टोनी म्हणाला.

"नाहीतर काय?" नोलीनने विचारलं.

डगने टोनीकडे पाहिलं.

"नाहीतर काय, टोनी?"

"मिसेस टकर, राहू द्या. तुमचंच खरं. मी म्हणतोय ना, वाकडा हॉल माझाच."

"तुझी दया नकोय मला. फिरव ती."

"नका ना."

"फिरव! माझा आल्फ कुणाला भ्यायला नाही. त्याची पाणसळ भिणार होय?"

टोनीने पाव मर्व्हच्या हातात दिला. पँटला हात पुसले. आल्फची पाणसळ दोन्ही हातांनी उचलली, टोकांची अदलाबदल होईल अशी फिरवली, आणि 'ए' दाराकडे करून ठेवली. मिसेस पेथब्रिजसुद्धा पर्स खाली ठेवून उभ्या राहिल्या.

बुडबुडा दाराकडे गेला. 'ए'च्या टोकाला जाऊन चिकटला.

टेबल तेच होतं. हॉल तोच होता. बुडबुडा मात्र 'ए'ची पाठ सोडायला तयार नव्हता.

"म्हणजे..." कोरल म्हणाली आणि थांबली.

"म्हणजे पाणसळच वाँकी," कुणीतरी मागून म्हणालं, आणि त्याला त्याच्या बायकोने कोपर मारलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडू लागला, आणि ते बघणं त्रासदायक होतं. मर्व्ह म्हणाला, "माझ्या ताटातले वाटाणे नेहमी एकाच बाजूला जातात. मला वाटायचं, सगळ्यांचेच जातात." बारवाल्याने आठवण काढली की परगावचा माणूस त्याच्या बिलियर्डच्या टेबलावर कधीच जिंकलेला नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या की मुलं पेन्सिली दप्तरातच ठेवतात, बाकावर ठेवत नाहीत, त्यांना ती शिस्त वाटायची. आणि पोलीस चौकी! पाणसळ पडायच्या आधी बांधलेली ती एकच इमारत. चौकीत पाऊल टाकलं की कुलंबीनच्या प्रत्येक माणसाला गरगरायचं. ते अपराधीपणामुळे होतं असं सार्जंटचं मत होतं, आणि त्या जोरावर त्याने दोघांकडून कबुलीही घेतली होती.

सगळं गाव, ए टू झेड, ओढ्याकडे कललेलं. भट्ट्या कललेल्या, म्हणून केक एका अंगाला जाड. आणि हॉलही तसाच कललेला होता, म्हणून ताटली फिरवली की एका जागी दोन्ही वाकडेपणं एकमेकांना मिटवायची आणि केक 'बसायचा'. पन्नास वर्षं परीक्षक येऊन वाहवा करून गेले. टोनीने हॉल सरळ केला आणि सगळं उघडं पडलं.

नोलीन खुर्चीत बसली नाही. तिने मिसेस पेथब्रिजकडे पाहिलं. "तुमचं कार्ड बरोबर आहे," ती म्हणाली. मग कोरलच्या खिशातून तिने स्क्रूड्रायव्हर काढला आणि दाराकडे चालू लागली. गर्दीने वाट दिली.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजला होता. टोनी शेजारी येऊन उभा राहिला, पण त्याने हात लावला नाही.

"एक सांगू, मिसेस टकर?"

"सांग. आता काय राहिलंय."

"खाली खुंट सोडवताना मी तुमच्या नवऱ्याला चार आठवडे शिव्या दिल्या. सांधे सुटतच नव्हते. एका सांध्यात पातं जाईल एवढी फट नाही. वाकडं आहे, पण सगळं एकासारखं एक वाकडं आहे. असं मुद्दाम करायला गेलं तरी कुणाला जमायचं नाही."

नोलीनने जोर लावला. दुसरा स्क्रू करकरला आणि निघाला. पाटी तिच्या हातात आली.

तेवढ्यात हॉलमध्ये मर्व्हची बायको ग्लेनिस हिने पर्स उघडली. पर्समधून घडी केलेलं एक कार्ड काढलं आणि टेबलावर आपटलं. "माझंही तेच आहे," ती म्हणाली. "वाँकी. मी गुपचूप उचललं होतं, नोलीन. कुणाला दिसायच्या आत."

मग दुसरीने बाहीतून काढलं. तिसरीने टोपीतून. चर्चच्या पाद्र्याच्या बायकोने कुठून काढलं ते सांगण्यासारखं नाही. अकरा केक आले होते. डगचा सोडून दहाच्या दहा कार्डांवर एकच शब्द, एकाच अक्षरात. दहा बायका सकाळपासून एकमेकींच्या केकचं कौतुक करत हिंडत होत्या. उघड भांडली ती एकटी नोलीन.

"म्हणजे केक आमचे बरोबर आहेत," ग्लेनिस म्हणाली. "हॉलच गावाला सोडून गेलाय."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "अहो पण, शास्त्रीयदृष्ट्या हॉल आता सरळ..."

"कुणाला विचारून?" ग्लेनिसने विचारलं. कुऱ्हाडवाले खिडकीतून थोडे आत वाकले. अध्यक्ष शास्त्र विसरले.

हॉल पुन्हा खाली घ्यायला टोनीने साफ नकार दिला. पण महिन्याभराने तो एक लांब टेबल घेऊन आला, जुन्या हॉलच्या काढलेल्या खुंटांच्या लाकडाचं. ते टेबल त्याने आल्फच्या पाणसळीने जुळवलं होतं, 'ए' ओढ्याकडे ठेवून. पितळी पाटी टेबलाच्या पुढच्या कडेला बसवली. त्यातली 'हा हॉल' ही अक्षरं त्याने घासून काढली होती. उरलं ते 'आल्फ टकरने बांधला'. काय बांधला, ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

नोलीनला तीन वर्षं बंदी झाली. नियम म्हणजे नियम, असं तीच म्हणाली. पण केक विभागाला मदतनीस लागत होती, आणि मदतनिसाला बंदी नसते. पुढच्या वर्षीच्या नियमपुस्तकात स्पंज केकच्या खाली एक नवी ओळ छापून आली: 'सपाटी आल्फच्या टेबलावर पाहिली जाईल.'

डग पुढच्या वर्षीही आला, निळी फीत राखायला. कॅरॅव्हॅन तिथेच लावली, चारही जॅक काटेकोर. केक असा की त्यावर पाणी सांडलं तर जागचं हललं नसतं. मिसेस पेथब्रिजनी नियमपुस्तक वाचलं, ती ओळ दोनदा वाचली, वाकून टेबलाच्या पातळीवर डोळा आणला आणि कार्ड लिहिलं.

डग ते कार्ड घेऊन नोलीनकडे आला. "बाई, माझा केक सरळ आहे हो."

"असेल," नोलीन म्हणाली. "तक्रार करायची तर एकच्या आत. कागद देऊ? खोटी ठरली तर तीन वर्षं बंदी."

डगने टेबलाकडे पाहिलं. कडेच्या पाटीकडे पाहिलं. टेबलामागे हाताच्या घड्या घालून उभ्या असलेल्या दहा बायकांकडे पाहिलं. मग कार्ड खिशात घालून निमूट बाहेर गेला.

नोलीनने खिडकीतून पाहिलं. डग कॅरॅव्हॅनशेजारी गुडघ्यावर बसला होता. ओढ्याकडच्या जॅकचा दांडा त्याने हातात घेतला होता आणि तो एकेक फेरा खाली उतरवत होता.

"अजून थोडा," नोलीन काचेआडून पुटपुटली.